उत्तरभागाचें दैव

बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा या गांवीं ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं एक मोठी लढाई झाली. हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान व निजामुल्मुल्क यांच्या फौजांची येथें गांठ पडून मुबारिजखान रणांत पडला, आणि दक्षिणेंत निजामाचें राज्य खऱ्या अर्थानें स्वतंत्र झालें तें या दिवसापासून, असें इतिहासकार मानितात. विजयाचें स्मारक म्हणून निजामानें गांवाचें नांव पालटून फतेखेडा असें ठेविलें. इंग्रजी अमलांतील गॅझेटियरकारांनीं या नव्या नांवाची नोंद केली. पण आज त्या बाजूस जाणारा मनुष्य वाट विचारतो ती साखरखेर्ड्याची. जिंकणाऱ्याला राज्य मिळालें. गांवाच्या कथेंत नवा अध्याय घालण्याचा त्याचा हुकूम मात्र लोकांच्या जिभेनें मान्य केला नाहीं.

वाङ्मयाच्या प्रांतांतही असेंच घडत आलेलें आहे. एखादी अद्भुतकथा लोकप्रिय झाली कीं तिचा दुसरा, पांचवा, नववा भाग निघतो. तो कधीं मूळ लेखकाचा असतो, कधीं त्याच्या शिष्याचा किंवा पुत्राचा, तर कधीं अगदींच परक्या हातचा. मुखपृष्ठावर भागाचा क्रमांक छापणें प्रकाशकाच्या हातीं असतें. परंतु तो भाग त्या कथेचा खरोखर भाग आहे कीं नाहीं, याचा निवाडा वाचक करितात. हा निवाडा ते कशाच्या आधारें करितात, आणि त्याला कितपत मान द्यावा, हा प्रश्न आमच्या मतें केवळ करमणुकीचा नाहीं. ज्या घरांत मुलें एका मालिकेचे सात सात खंड पाठोपाठ वाचून काढितात व मग जेवतांना त्यांवर हमरीतुमरीनें भांडतात, त्या घराला त्याचें उत्तर ठाऊक असलेलें बरें.

या गोष्टीचें सर्वांत बोधप्रद उदाहरण स्पेन देशांतील आहे. तेथें १५०८ सालीं मोन्ताल्व्हो नांवाच्या गृहस्थानें सिद्ध केलेली अमादीस नामक वीराची कथा चार भागांत छापून प्रसिद्ध झाली. राक्षस, जादुगार, मंत्रानें बद्ध केलेलीं बेटें आणि एकनिष्ठ प्रेम यांनीं ती भरलेली होती. लोकांना तिनें वेड लाविलें. पांचवा भाग मोन्ताल्व्होनेंच लिहिला. पुढें निरनिराळे लेखक या कथेंत शिरले. १५२६ सालीं हुआन दीआस यानें आठवा भाग काढिला व त्यांत वृद्ध झालेल्या अमादीसाला मृत्यु आणिला. वाचकांनीं या भागाकडे अशी पाठ फिरविली कीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली नाहीं. सातवा भाग ज्यानें लिहिला होता त्या फेलिसिआनो दे सिल्व्हा यानें १५३० सालीं नववा भाग लिहिला, तो अमादीस मेलाच नाहीं असें गृहीत धरून! भागाचा अंक नववाच राहिला. आठव्यांतील मृत्यु मात्र रद्द झाला. नायकाला मारण्याचें सामर्थ्य लेखणींत होतें, पण तो मेला हें वाचकांच्या गळीं उतरविण्याचें सामर्थ्य त्या लेखणींत नव्हतें.

याच मालिकेची थट्टा करण्यासाठीं सर्व्हांतेस यानें १६०५ सालीं आपल्या 'डॉन क्विझोट'चा पहिला भाग लिहिला. त्यांत एक पाद्री व एक न्हावी नायकाच्या ग्रंथसंग्रहाची झडती घेतात. मूळ अमादीसाला ते अभय देतात; पण त्याच्या पुत्राच्या पराक्रमाचा पांचवा भाग हातीं येतांच बापाचें पुण्य लेकाच्या कामीं पडणार नाहीं, अशा निकालानें तो अंगणांत जाळावयास टाकितात. उत्तरभागाविषयींचा वाचकांचा अभिप्राय याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच कोणी मांडला असेल. पुढें खुद्द सर्व्हांतेसावर तीच पाळी आली. १६१४ सालीं आव्हेयानेदा असें टोपणनांव धारण करणाऱ्या कोणा इसमानें 'डॉन क्विझोट'चा बनावट दुसरा भाग छापिला. १६१५ सालीं सर्व्हांतेसानें आपला खरा दुसरा भाग काढिला. त्यांत एक विद्यार्थी येऊन पहिल्या भागावरील वाचकांचे आक्षेप नायकालाच ऐकवितो. सांकोचें गाढव चोरीस गेलें, मग तो पुन्हा त्याच गाढवावर बसलेला कसा दिसला? मूळ कथेशीं संबंध नसलेली भलतीच गोष्ट मध्यें कां घातली? लेखकानें हे आक्षेप लपविले नाहींत. ते कथेंतच घेऊन त्यांना उत्तर दिलें. आणि शेवटीं नायकाला मृत्यु आणिला, म्हणजे आणखी कोणीं त्याला उठवून तिसऱ्या स्वारीवर काढूं नये.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. अमादीस मेला तो वाचकांनीं मरूं दिला नाहीं. डॉन क्विझोट मेला तो मात्र सर्वांनीं मान्य केला. दोघेही आवडते, दोघांचाही मृत्यु उत्तरभागांतच. मग हा भेद कां? आमचें उत्तर असें. ज्या कथेंत नायकाचें तारुण्य, त्याचें भाग्य व त्याचें बळ हीं अक्षय असल्याचें वचन चार भाग दिलें गेलें, तिनें आठव्या भागांत एकाएकीं वार्धक्य व मरण पुढें करणें हा वचनभंग होय. डॉन क्विझोट हा पहिल्या पानापासून म्हातारा, हाडकुळा व पडतां-झडतां चालणारा. त्याचें वेड ओसरणें व देह पडणें हें त्या कथेच्याच पोटांत होतें.

आपल्याकडील दाखले असेच उद्बोधक आहेत. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानें 'तिलिस्मे होशरुबा' ही प्रचंड उर्दू दास्तान १८८३ पासून खंडशः काढिली. अफ्रासियाब नांवाचा जादूचा बादशहा, त्याची मंत्रबद्ध सृष्टि, आणि वेषांतर व हातचलाखी यांच्या जोरावर त्या सृष्टीला सुरुंग लावणारा अमर अय्यार, हा तिचा विषय. पहिले चार खंड महंमद हुसेन जाह यांनीं लिहिले. पुढें त्यांचें व छापखान्याचें जमेना, तेव्हां उरलेले खंड अहमद हुसेन कमर यांनीं १८९३ पर्यंत पुरे केले. रसिकांचा कल सामान्यतः जाह यांच्याकडे राहिला. त्यांची भाषा अधिक रसाळ, असें पुष्कळांचें मत पडलें. तथापि कमर यांचे खंड कोणीं टाकून दिले नाहींत. त्यांनीं अय्याराचे व जादुगाराचे नियम पाळिले, आणि पहिल्या खंडांत मांडलेला डाव शेवटापर्यंत नेला. शैलींत उणा ठरूनही उत्तरभाग स्वीकारला जातो, तो असा.

हिंदींत देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ च्या सुमारास आली आणि तिच्यापुढें 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांपर्यंत वाढली. 'भूतनाथ' ही त्याच कथेची पुढील शाखा. खत्री १९१३ सालीं वारले, तेव्हां ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनीं पुरी केली. मराठींत 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या भाषांतराचा आरंभ कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं केला. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांचेही हात त्या कामास लागले. तीन लेखण्यांचें तें काम आपल्या वाचकांनीं एकच पुस्तक म्हणून वाचलें. आणि अद्भुतकथा म्हणून नव्हे, तर भक्तिग्रंथ म्हणून ज्याची थोरवी आहे त्या भावार्थरामायणाचें काय? एकनाथांनीं युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत तें रचिलें व पुढील भाग त्यांचा शिष्य गावबा यानें पूर्ण केला, अशी परंपरा आहे. पण पारायणाला बसलेला श्रोता चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशीं पोथी मिटीत नाहीं. गावबानें गुरूचें वचन पाळिलें, एवढें त्याला पुरतें.

आतां विद्वानांचा आक्षेप पाहूं. १८६१ सालीं हळबे यांची 'मुक्तामाला' व १८६८ सालीं रिसबूड यांची 'मंजुघोषा' निघाल्यावर अद्भुतरम्य कादंबऱ्यांची एक लाटच आली. तेव्हां काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं आपल्या निबंधांत अशा कादंबऱ्यांतील असंभाव्य गोष्टींवर कडक टीका केली. त्यांचा हेतु चांगला होता. आपल्या वाङ्मयाचें पाऊल जमिनीवर पडावें अशी त्यांची इच्छा होती. परंतु अद्भुतकथेच्या वाचकाची तक्रार सहसा ही नसते. मंत्रानें दगडाचा मनुष्य झाला, याचें त्याला कांहींच वाटत नाहीं. पहिल्या भागांत जो मंत्र दिवसांतून एकदांच चाले, तो तिसऱ्या भागांत अडचणीच्या वेळीं दोनदां कसा चालला, एवढेंच तो विचारतो. असंभाव्य त्याला चालतें. विसंगत चालत नाहीं.

हीच कसोटी अलीकडच्या एका मालिकेला लावून पाहूं. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांपैकीं पांचवें पुस्तक २००३ सालीं इंग्रजींत निघालें. सातांत तें सर्वांत जाडें. पुढें मराठी भाषांतराच्या रूपानें ही मालिका आपल्या घरांतही पोहोंचली. पांचव्या पुस्तकाविषयीं वाचकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, पुस्तक लांबलें, नायक सदा चिडलेला, आणि त्याचा धर्मपिता सिरियस ब्लॅक याला उगाच मारिलें. दुसरा म्हणतो, सर्व मालिकेंत मनुष्यस्वभाव खरा उतरला आहे तो येथेंच. आम्हांस पहिल्या तटाचें लांबीविषयींचें म्हणणें पटतें. कांहीं प्रकरणें आखुडतीं तर कथेचें कांहीं बिघडतें ना. पण रागाविषयींचें म्हणणें पटत नाहीं. चौथ्या पुस्तकाच्या अखेरीस या मुलानें आपल्या सोबत्याचा खून डोळ्यांनीं पाहिला. शत्रु परत आला हें तो जीव तोडून सांगतो, आणि अधिकारी त्यालाच खोटा ठरवितात. पंधरा वर्षांचा मुलगा अशा वेळीं हंसतमुख राहिला असता, तरच तो वचनभंग झाला असता. सिरियसचा मृत्युही त्याच्या उतावळ्या शौर्यांतूनच निघतो. तो बाहेरून आणून लादलेला नाहीं.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं वाचकांच्या तक्रारी दोन जातींच्या असतात. 'माझ्या मनासारखें झालें नाहीं' ही एक. 'कथेनें स्वतःचाच शब्द मोडला' ही दुसरी. पहिलीला लेखकानें बधूं नये. सिल्व्हानें वाचकांच्या हट्टापायीं अमादीसाला जिवंत ठेविलें. त्याच्या मुलां-नातवांचे पराक्रम स्पेनमध्यें बाराव्या भागापर्यंत लांबले, आणि अखेर सर्व कुळच थट्टेचा विषय झालें. दुसरी तक्रार मात्र लेखकानें सर्व्हांतेसाप्रमाणें कान देऊन ऐकावी, कारण ती करणाऱ्या वाचकानें मूळ कथा लेखकाइतकीच मनापासून वाचलेली असते. अरबी कथांतील शहराजादेचा निवाडा एकाच श्रोत्याच्या हातीं होता, आणि त्याचा कौल प्रतिकूल पडता तर तिचें मस्तकच जातें. तरीही तिनें राजाला हवा तोच शेवट सांगितला नाहीं; कथेला जो हवा तो सांगितला, व त्यामुळेंच ती एक हजार एक रात्री तगली.

तेव्हां घरांतील मुलें नव्या भागावर भांडूं लागलीं, तर वडील माणसांनीं त्यांना गप्प बसवूं नये. 'तुला आवडलें नाहीं, कीं मागच्या भागाशीं जुळलें नाहीं?' एवढाच प्रश्न त्यांना विचारावा. उत्तर शोधण्यासाठीं मुलाला मागचा भाग पुन्हा उघडावा लागेल, पुरावा काढावा लागेल, आणि आपली आवड व कथेचा न्याय यांतील अंतर त्याचें त्यालाच दिसेल. परीक्षण ही विद्या याहून निराळी नाहीं. पदवीधर टीकाकारही करितो तें हेंच, फक्त अधिक जड शब्दांत.