काचतंतू
वितळलेल्या काचेपासून ओढून काढलेले अतिशय बारीक व लांब धागे. काच ठिसूळ असते हे सर्वपरिचित असून अब्रूला काचेच्या भांड्याची उपमा देतात ती यामुळेच. परंतु त्याच काचेचा पुरेसा बारीक तंतू काढल्यास तो वाकतो, विणता येतो व बळकटही असतो. निसर्गातही असे तंतू आढळतात. हवाई बेटांवर उसळत्या लाव्ह्यापासून बनणाऱ्या काचमय तंतूंना तेथील ज्वालामुखी देवतेच्या नावावरून ‘पेलेचे केस’ म्हणतात.

इतिहास : प्राचीन ईजिप्तमध्ये इ. स. पू. सु. १५०० पासून काचपात्रांवर रंगीत काचेचे तप्त धागे गुंडाळून नक्षी करीत. सोळाव्या शतकात व्हेनिसजवळील मुरानो बेटावरील कारागीर पारदर्शक काचेत पांढऱ्या काचेचे पीळदार धागे गुंफीत. या दोन्ही प्रकारांत धागा पात्राशी एकजीव होऊन राही. त्याला स्वतंत्र उपयोग नव्हता. १८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी यांच्या कंपनीने काचतंतू व रेशीम यांपासून विणलेला स्त्रियांचा पोशाख मांडला. तो चमकदार होता. पण तंतू जाड असल्याने घडी पडताच तुटत व पोशाख वापरण्याजोगा नव्हता.

या अपयशाचे कारण ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्यांच्या १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट झाले. काच तुटते ती मुख्यत्वे तिच्यातील सूक्ष्म भेगांमुळे. तंतू जितका बारीक तितक्या या भेगा लहान. सु. १ मिमी. जाडीच्या काचेच्या तुलनेत सु. ०·००३ मिमी. जाडीच्या तंतूचे ताणबल सु. २० पट भरले.

उपयोग : १९३० नंतर अमेरिकेत काचतंतूंचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. काचलोकर उष्णतानिरोधक म्हणून वापरतात. रेझिनात काचतंतू घालून बनविलेल्या हलक्या व मजबूत पदार्थापासून होड्या, टाक्या इ. तयार करतात. १९५३ मध्ये अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट या मोटारगाडीचा सांगाडाबाह्य भागही यापासूनच बनविला होता.

तंतूतून प्रकाश वाहून नेता येतो. १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स व मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठविली. प्रकाशाचा ऱ्हास मुख्यत्वे काचेतील अशुद्ध द्रव्यांमुळे होतो, असे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये दाखविले. या कार्याबद्दल काव यांना २००९ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज खंडाखंडांमधील संदेशवहन मुख्यत्वे समुद्रतळावरील अशाच तंतूंच्या केबलींतून चालते.