सातारा निवडला की सांगली कुठे जाते?

मंडळी, आजचा विषय संगणकाचा आहे, पण घाबरू नका, गाडी शेवटी इतिहासाच्याच स्टेशनात येणार आहे!

आमची नात पुण्यात आकडेवारीचं काम करते. तिने सातारा-सांगलीच्या जनगणनांचे आलेख एका पडद्यावर मांडले. ह्याला ती मंडळी डॅशबोर्ड म्हणतात. नकाशात जिल्ह्यावर टिचकी मारली की शेजारचा लोकसंख्येचा आलेख तेवढ्या जिल्ह्यापुरता गाळून दिसायला हवा. 'सातारा'वर मारली तर १९४१ दिसे, १९५१ गायब, १९६१ पुन्हा हजर. 'सांगली' तर थेट १९६१पासूनच सुरू.

तिने नेहमीच्या गोष्टी तपासल्या. आलेखांमधला दुवा चालू आहे का, गाळणी कोणत्या दिशेने जाते, नावाच्या शेवटी एखादी मोकळी जागा चिकटली आहे का. सगळं ठीक. मग मला फोन, "आजोबा, १९५१ला सातारा जिल्हाच नव्हता का हो?"

त्या नावाचा नव्हता! संस्थानं विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ला जुन्या जिल्ह्याचे दोन भाग झाले. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके आणि शिराळा पेटा, त्यांत सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख मिळवून दक्षिण सातारा झाला. उरलेल्यात फलटण वगैरे येऊन उत्तर सातारा. आजची नावं महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची.

मला विचाराल तर गायब झालेला ठिपका परवडला. दिसणारा ठिपका जास्त फसवा. १९४१च्या 'सातारा'त वाळवा-तासगाव आहेत, १९६१च्या 'सातारा'त नाहीत, आणि आलेख दोघांना एकाच रेघेने जोडतो.

कुंडलचंच बघा. १९४३ पासूनचं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आपण 'साताऱ्याचं' म्हणतो. त्याचं मोठं केंद्र कुंडल, आज सांगली जिल्ह्यात. पण तेव्हा ते इंग्रजी सातारा जिल्ह्यातही नव्हतं, औंध संस्थानात होतं! किर्लोस्करवाडीही त्याच मुलखातली, १९१०ची. म्हणजे १९४१च्या तक्त्यात 'सातारा' गाळला की कुंडल येत नाही, 'सांगली' गाळली तरी येत नाही. हद्द ओलांडली की दुसरं राज्य, हे त्या काळच्या भूमिगतांना चांगलं ठाऊक असणार.

उपाय तसा साधा निघाला. नावावर जोडणी करायचीच नाही. प्रत्येक गावाला एक क्रमांक, आणि मध्ये एक जोडतक्ता: गाव, जनगणनेचं वर्ष, त्या वर्षीचा जिल्हा किंवा संस्थान, आजचा जिल्हा. नकाशा आणि आलेख दोघांनी त्या तक्त्याशीच बोलायचं. आता बघणाऱ्याला 'तेव्हाची हद्द' की 'आजची हद्द' ते निवडता येतं. (आमच्या फेरफाराच्या वहीत तलाठी दुसरं काय करत असे?)

आटपाडी अजून राहिली आहे. तीही औंधचीच, आज सांगलीत. खुद्द औंध मात्र साताऱ्यात, खटाव तालुक्यात. रोज रात्री जेवणं झाली की मी फोनवर जुन्या यादीतली गावं वाचतो, ती टंकते.