हिशेब विचारणारे

एप्रिलची १५ तारीख जवळ आली की अमेरिकेतल्या आपल्या घराघरांतून एकच उद्गार ऐकू येतो : "एवढे पैसे घेतात, त्याचे करतात तरी काय?" प्रश्न साधा आहे. परंतु तो सरकारला अधिकाराने विचारता यावा, त्याचे उत्तर कागदोपत्री मिळावे आणि ते खोटे निघाल्यास कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागावी, एवढ्यासाठी जगात फार मोठी झुंज द्यावी लागली आहे. हिंदुस्थानातल्या या झुंजीचा पहिला मोठा अध्याय ज्यांनी लिहिला त्यांत मराठी माणसे आघाडीवर होती. आपण मात्र त्यांना वेगळ्याच कारणांसाठी ओळखतो. गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की आपल्याला आठवते ते 'मवाळ', 'गांधीजींचे गुरू' आणि टिळकांशी झालेला वाद. सरकारच्या जमाखर्चाची चिरफाड करणारा गणिताचा प्राध्यापक सहसा आठवत नाही. त्या गोखल्यांची, आणि त्यांच्यामागून आलेल्या हिशेब विचारणाऱ्यांची, ही ओळख.

मालक दूर, गडी बेफिकीर

इंग्लंडात ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने १८६१ साली कॉमन्स सभेची लोकलेखा समिती स्थापन झाली. १८६६ च्या कायद्याने खर्चाची तपासणी करणारा स्वतंत्र महालेखापरीक्षक आला. संसदेने मंजूर केलेला पैसा त्याच कामावर खर्च झाला की नाही हे त्याने पाहायचे आणि समितीने त्याच्या अहवालावरून खात्यांना जाब विचारायचा, अशी ही जोडी होती.

याच सुमारास, १८६० साली, जेम्स विल्सन यांनी कलकत्त्यात हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला आणि पाठोपाठ प्राप्तिकर बसवला. कर आला, पण जाब विचारण्याची सोय आली नाही. १८६१ च्या कायद्याने निर्माण झालेल्या कायदेमंडळात नवा कर बसवायचा नसेल तर अर्थसंकल्पाची चर्चासुद्धा होत नसे. मग हिंदुस्थानच्या तिजोरीवर पाहारा कोणाचा? कागदावर ब्रिटिश संसदेचा. पण तिथे एक खुबीदार फट होती. हिंदुस्थानच्या कारभारासाठी नेमलेल्या भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीतून नव्हे, तर हिंदी रयतेच्या महसुलातून दिला जाई. इतर मंत्र्यांच्या पगाराची मागणी दरवर्षी संसदेपुढे येई आणि त्या निमित्ताने त्यांच्या कारभाराची झडती घेता येई. भारतमंत्र्याच्या बाबतीत ती संधीच नव्हती. हिंदुस्थानच्या जमाखर्चावर कॉमन्समध्ये चर्चा होई ती अधिवेशनाच्या अखेरीस, रिकाम्या बाकांसमोर. ही स्थिती १९१९ च्या कायद्यापर्यंत टिकली. पैसे देणाऱ्याला विचारण्याचा हक्क नाही आणि ज्याला हक्क आहे त्याचे पैसे नाहीत, असा हा मामला होता.

लंडनमधली साक्ष

ही फट दादाभाई नौरोजींनी बरोबर हेरली होती. १८९२ साली ते सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून कॉमन्समध्ये निवडून गेले आणि हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी व्हावी म्हणून सरकारच्या मागे लागले. त्यातून १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. दादाभाई स्वतः त्याचे सदस्य होते. १८९७ साली या आयोगापुढे साक्ष द्यायला जे हिंदी गृहस्थ लंडनला गेले, त्यांत मुंबईचे दिनशा वाच्छा, बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोखले होते. गोखल्यांनी तेव्हा वयाची एकतिशीही गाठली नव्हती.

आयोगापुढे त्यांनी मांडलेला मुद्दा नुसता रुपये-आण्यांचा नव्हता. वरच्या हुद्द्यांवर सगळे परदेशी अधिकारी नेमल्यामुळे पगार आणि पेन्शनच्या रूपाने पैसा बाहेर जातो, हे तर त्यांनी आकड्यांनी दाखवलेच. पण याहून मोठे नुकसान नैतिक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या समाजातल्या कर्त्या माणसाला वरच्या जबाबदारीची जागा कधी मिळणारच नाही, त्या समाजाची वाढच खुंटते. सरकारी नोकऱ्यांचे धोरण आणि सरकारी खर्च हे एकाच नाण्याचे दोन भाग आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे १९१२ साली नेमलेल्या लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या नोकरीविषयक आयोगावर ते सदस्य झाले. १९१५ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले तेव्हा त्या आयोगाचे काम संपलेले नव्हते.

वेल्बी आयोगाचा अहवाल १९०० साली आला. दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तिघांनी आपले वेगळे मत नोंदवले. बहुमताच्या अहवालाने फारसे काही पदरात पडले नाही.

१८९७ च्या त्याच लंडनमुक्कामात गोखल्यांना एक कडू घोटही प्यावा लागला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांतून आलेला मजकूर त्यांनी तिथे जाहीर केला. परत आल्यावर पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यावरून त्यांच्यावर घरच्या आणि बाहेरच्या सर्वांनीच टीकेचा भडिमार केला. सरकारवर आरोप करणाऱ्याच्या हाती कागद नसेल तर काय होते, याचा याहून कठोर धडा नसेल.

२६ मार्च १९०२

१८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा मिळाली होती. फक्त बोलण्याची! मतदान नाही, दुरुस्ती नाही, उपप्रश्नही नाही. फेरोजशहा मेहतांच्या जागी गोखले कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी अर्थसंकल्पावर त्यांचे पहिले भाषण झाले. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक जाहीर केलेली. सभागृहात अभिनंदनाचा सूर होता. गोखल्यांनी मात्र सुरुवातीलाच सांगितले की या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही.

त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये दरवर्षी दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम 'होम चार्जेस' म्हणून द्यावी लागे. १८८० नंतर चांदीचा भाव घसरत गेला तसा रुपयाही घसरला आणि तेवढेच पौंड देण्यासाठी जास्त रुपये लागू लागले. ही तूट भरून काढायला कर वाढले : १८८६ ला प्राप्तिकर, १८८८ ला मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि काही वर्षांत १३ पेन्सपर्यंत उतरलेला रुपया १६ पेन्सवर चढला. आता हिशेब करून पाहा. १३ पेन्सच्या दराने एका पौंडाला साडेअठरा रुपये पडत, १६ पेन्सच्या दराने १५. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले, म्हणजे दीड कोटी पौंडांवर ५ कोटींहून अधिक! ज्या कारणासाठी कर वाढवले ते कारण नाहीसे झाले, पण कर तसेच राहिले. शिल्लक आली ती इथून.

आणि ही शिल्लक कोणत्या वर्षांत? १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भीषण दुष्काळ आणि प्लेग यांनी देश पोळलेला असताना. तिजोरी फुगते आहे आणि रयत खंगते आहे, तेव्हा ही शिल्लक भरभराटीची खूण नसून जास्त कर घेतल्याची कबुली आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग मागण्या : मीठकर उतरवा, प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला ५०० वरून १००० रुपयांवर न्या, गिरणीच्या कापडावरची जकात रद्द करा, लष्करी खर्चाला आवर घाला, शिक्षणावर जास्त खर्च करा.

या भाषणामागे आणखी एक माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेत हेडमास्तर. न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळातले. सरकारी अहवालांतले आकडे काढणे, जुळवणे आणि त्यांतली विसंगती पकडणे यांत त्यांचा हातखंडा होता. सरकारी नोकरीमुळे त्यांना उघडपणे पुढे येता येत नसे. रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले होते. गोखल्यांनी भाषणाची तयारी जोशींच्या मदतीने केली. आजच्या भाषेत सांगायचे तर संसदेच्या समित्यांना जे तज्ज्ञ कर्मचारी लागतात, ते काम एका शाळामास्तराने दिवसाची नोकरी सांभाळून केले.

भाषणाने काय साधले?

मत देण्याचा अधिकार नसताना भाषणाने काय होणार, असे तेव्हाही विचारले जाई. उत्तर आकड्यांत पाहू. १९०३ च्या अर्थसंकल्पात मीठकर अडीच रुपयांवरून २ रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा १००० रुपये झाली. १९०५ साली मीठकर दीड रुपया आणि १९०७ साली १ रुपया झाला. हे सगळे एका भाषणाने घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तिजोरीत पैसा होता आणि दिल्ली दरबारात करसवलत जाहीर करण्याची खुद्द कर्झनचीच इच्छा होती, ती लंडनने अडवली होती. परंतु वर्षानुवर्षे, सरकारच्याच आकड्यांनी, सरकारच्याच अध्यक्षांसमोर हा मुद्दा मांडला गेल्यामुळे 'पैसा नाही' हे उत्तर देणे अशक्य झाले, हे खरे.

जिथे ब्रिटिश हितसंबंध आड आले तिथे मात्र भिंत हलली नाही. लँकेशायरच्या गिरण्यांच्या दबावाखाली बसवलेली साडेतीन टक्क्यांची कापड-जकात हटायला १९२५ साल उजाडावे लागले. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडता येऊ लागले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी गोखल्यांनी १९११ साली विधेयक आणले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकारी बहुमतापुढे आकडे हरले.

१९२१ : समिती आली, पण कोणाची?

१९१९ च्या कायद्यानंतर खर्चाच्या मागण्यांवर मतदान सुरू झाले आणि १९२१ साली दिल्लीत लोकलेखा समिती स्थापन झाली. योगायोग असा की अमेरिकेतही याच वर्षीच्या कायद्याने काँग्रेसच्या वतीने सरकारी हिशेब तपासणारे कार्यालय सुरू झाले. परंतु दिल्लीच्या समितीचा अध्यक्ष होता खुद्द अर्थसदस्य! लष्कर, कर्जावरचे व्याज, बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार हे खर्च मतदानाच्या बाहेर. १९२३ साली सरकारने मीठकर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचे ठरवले, विधानसभेने तो फेटाळला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी स्वतःच्या खास अधिकारात तो लागू केला. सात वर्षांनी गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचलले, त्यामागे सभागृहातला हा पराभवही होता हे विसरू नये.

या काळात या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तोही एका मराठी माणसाने. रुपयाच्या दराचा प्रश्न हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनच्या प्रबंधाचा विषय आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेची वाढ हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्रबंधाचा. त्यामुळे १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीत ते म्हणाले की लेखापरीक्षक हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेहूनही मोठी आहेत, तेव्हा तो भाषणातला अलंकार नव्हता. राज्य कसे चालते हे त्याच्या जमाखर्चावरून कळते, हे त्यांनी अभ्यासातून जाणले होते.

खुर्ची बदलली

१९५० साली लोकलेखा समितीच्या अध्यक्षपदावरून अर्थमंत्री दूर झाले आणि समिती सभापतींच्या अधिकाराखाली आली. सभापती होते गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत स्थायिक झालेले मराठी कुटुंबातले वकील. त्याच वर्षी त्यांच्या काळात अंदाज समितीही सुरू झाली.

लोकलेखा समितीचे काम आजही त्याच पद्धतीने चालते. लेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे येतो, समिती त्यातले महत्त्वाचे परिच्छेद निवडते, खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावते आणि शिफारशी करते. सरकारला काय कारवाई केली ते कळवावे लागते. मंत्र्यांना मात्र साक्षीला बोलावत नाहीत. पैसा खर्च होऊन गेल्यावर ही तपासणी होते ही तिची मर्यादा. पण एक दिवस आपल्याला या टेबलासमोर बसावे लागेल ही जाणीव, सही करणाऱ्या हाताला थोडी तरी थबकायला लावते.

संसदेत एकटा सभासदही काय करू शकतो हे १९५७ साली दिसले. नव्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपास किमतीचे शेअर घेतले होते. फिरोज गांधींनी, सत्ताधारी पक्षाचेच सभासद असून, डिसेंबरात हे प्रकरण लोकसभेत धसास लावले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत जाहीर चौकशी करून काही आठवड्यांत अहवाल दिला आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

१९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा पडली. मिनू मसानी हे पहिले. १९९३ साली खातेवार स्थायी समित्या आल्या आणि मागण्यांची छाननी खर्चाच्या आधीच करण्याची सोय झाली.

एवढी यंत्रणा उभी राहिल्यावर गोखल्यांना आनंद व्हायला हवा होता. पण २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या गदारोळात, चर्चेविना, एका झटक्यात मंजूर केल्या. दोष एका पक्षाचा नाही, ही सवय जुनी आहे. फरक एवढाच की १९०२ साली बोलता येत होते पण मत देता येत नव्हते. आज मत देता येते आणि बोलणे राहून जाते. यांतले जास्त धोकादायक कोणते? माझ्या मते दुसरे. मताचा हक्क नसलेल्या माणसाने अभ्यासाच्या बळावर सरकारला पाच वर्षांत तीनदा मीठकर उतरवताना पाहिले. अभ्यास नसलेल्या मताने मात्र कोणाच्याच ताटातले मीठ स्वस्त होत नाही.

सरकार दूरचे, पण सवय घरचीच असते. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदार ताळेबंद वाचू लागले की अर्धी सभा जेवणाच्या रांगेकडे पाहू लागते. 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर होतात. खजिनदार प्रामाणिक असतात म्हणून निभावते. तरीही यंदा एखाद्याने ताळेबंद आधी वाचून यावे आणि एखादा नेमका प्रश्न विचारावा. खजिनदारांनाही बरे वाटेल. वर्षभर खपून मांडलेला हिशेब कोणीतरी वाचला, हे तरी त्यांना कळेल.