मोबाईलवर शिकलेला विषय डिग्रीत धरतात, पण आधी कॉलेजात विचारा

आयआयटीच्या प्राध्यापकाचा तास ऐकायला आता पवई गाठावी लागत नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर असे तास मोबाईलवर बघायला मिळतात, तेही फुकट. मात्र बघणं फुकट असलं तरी परीक्षा आणि डिग्रीतले क्रेडिट हे वेगळं प्रकरण आहे, आणि गाडी अडते ती तिथंच.

‘स्वयम’ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावरचे इंजिनिअरिंगचे बरेच विषय एनपीटीईएलचे असतात. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा एकत्र उपक्रम. बीए, बीकॉमच्या मुलांसाठीही विषय आहेत. कोर्स साधारण जानेवारी आणि जुलैत चालू होतात. शिकवणं बहुतेक इंग्रजीत असतं. काही कोर्सचं भाषांतर मराठीत मिळतं, ते शोधून ठेवावं.

एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला एक ऑनलाईन असाईनमेंट असते. त्यातल्या सर्वात चांगल्या ८ धरून २५ गुण, आणि शेवटच्या परीक्षेला ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण लागतात. परीक्षेत ६० मिळाले, पण असाईनमेंटमध्ये ८ च असले, तर सर्टिफिकेट नाही. तारीख गेली की असाईनमेंट घेतली जात नाही. गावात रेंज नव्हती हे सर्व्हरला कळत नाही. त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट न बघता, रेंज असेल तेव्हाच भरून टाकलेली बरी.

परीक्षा घरून देता येत नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म आणि फी भरून ठरलेल्या केंद्रावर जावं लागतं. केंद्र तालुक्याला असेलच असं नाही. फीसोबत एसटीच्या भाड्याचा आणि एका दिवसाचा हिशेब धरूनच फॉर्म भरावा.

आता मुख्य मुद्दा क्रेडिटचा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून घेता येतात. पण कोणता कोर्स कोणत्या विषयाऐवजी चालेल, हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतात. कोर्स पूर्ण करून सर्टिफिकेट घेऊन गेल्यावर ‘हा आपल्या यादीत नाही’ असं उत्तर मिळालं, तर १२ आठवडे ज्ञानाच्या खात्यात जमा, मार्कशीटवर शून्य. म्हणून नाव नोंदवण्याआधीच विभागप्रमुखांना विचारावं, जमलं तर लेखी घ्यावं. कॉलेजात एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर असेल तर त्यासाठी एक प्राध्यापक नेमलेले असतात, त्यांना गाठावं.

मिळालेले क्रेडिट ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. त्याचा आयडी डिजिलॉकरवरून निघतो. आधारवरचं नाव आणि कॉलेजातलं नाव जुळत नसेल, वडिलांचं नाव मागेपुढे किंवा स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त असेल, तर ते आधीच दुरुस्त करून घ्यावं. निकालाच्या वेळी धावपळ नको. जमा क्रेडिट साधारण ७ वर्षं टिकतात, त्यामुळे लग्न, शेती किंवा नोकरीमुळे शिक्षण मध्येच सुटलेल्यांनाही पुढं त्यांचा उपयोग होऊ शकतो.

नेट पॅक परवडत नसेल तर ‘स्वयंप्रभा’चे मोफत शैक्षणिक चॅनल डिशवर आहेत. विषय समजायला ते चांगले, पण नुसतं टीव्हीवर बघून क्रेडिट मिळत नाही.