मूठभर मॉस आणि १९१६ साल : शीळफाटा ते बसरा #थ्रेड #मराठी #इतिहास

१/ शीळफाट्याहून कल्याणकडे निघाले की रस्त्याच्या कडेला रोपवाटिका लागतात. तिथे ऑर्किडच्या कुंड्यांशेजारी वाळलेल्या, पिवळट, केसाळ वनस्पतीची पाकिटे टांगलेली असतात. विक्रेते तिला नुसते ‘मॉस’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी हीच वनस्पती महिन्याला लाखोंच्या संख्येने जखमी सैनिकांच्या अंगावर बांधली जात होती. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर जे बुळबुळीत साचते, त्याला आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो. ते बहुधा शैवल असते. पाकिटातली वनस्पती शेवाळी या वेगळ्या गटातली, आणि तिचे नाव स्फॅग्नम. तिला मुळे नसतात, फुले नसतात. थंड व पाणथळ प्रदेशातील दलदल हे तिचे घर.

३/ तिची वाढ विलक्षण असते. वरचे टोक वाढत राहते आणि खालचा भाग मरत जातो. दलदलीच्या पाण्यात प्राणवायू अत्यल्प असल्याने मेलेला भाग पुरता कुजत नाही आणि थरांवर थर साचत जातात. हे थर म्हणजे ‘पीट’. पीटचा एक मीटर जाडीचा थर साचायला साधारण हजार वर्षे लागतात. म्हणजे मराठ्यांच्या साऱ्या इतिहासाला अर्ध्या मीटरहूनही कमी जागा पुरेल.

४/ स्फॅग्नमच्या पानांत दोन प्रकारच्या पेशी असतात : हिरव्या, जिवंत पेशी आणि त्यांच्यामध्ये मोठ्या, पोकळ, मृत पेशी. पोकळ पेशींच्या भिंतींना छिद्रे असतात. त्या पाणी ओढून घेतात आणि धरून ठेवतात. चांगले मॉस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट द्रव सामावून घेते. कापसाची क्षमता पाच-सहापट. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो मोलाचा ठरणार आहे.

५/ दुसरा गुण आम्लतेचा. ही वनस्पती पाण्यातील क्षार शोषून त्या बदल्यात आम्ल सोडते, आणि जिवाणूंना ते मानवत नाही. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणताना एका पुरुषाचे शव सापडले. चेहरा इतका शाबूत, की लोकांना ताजा खून झाल्याचा संशय आला. ते शव सुमारे २४०० वर्षांपूर्वीचे निघाले. तोच हा ‘टोलुंड मानव’. शव टिकवणारे गुण जखमेलाही उपकारक ठरू शकतात.

६/ उत्तर युरोपातील खेडुतांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आधुनिक वैद्यकाने त्याची दखल १८८० च्या दशकात जर्मनीत घेतली. पीट खणणाऱ्या एका मजुराच्या हाताला मोठी जखम झाली. हाताशी दुसरे काही नसल्याने सोबत्यांनी तिच्यावर पीट बांधले. काही दिवसांनी डॉक्टरांनी ते सोडले, तेव्हा जखम स्वच्छ होती. त्यानंतर कील येथील शल्यचिकित्सक गुस्टाव नॉयबर यांनी पीटच्या मलमपट्ट्यांचा पद्धतशीर वापर सुरू केला.

७/ १९१४ साली महायुद्ध पेटले आणि कापसाला दोन दावेदार उभे राहिले. एक रुग्णालय, दुसरा दारूगोळ्याचा कारखाना. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की ‘गनकॉटन’ हे स्फोटक तयार होते. तोफगोळे दूर फेकणारे धूरविरहित कॉर्डाइट त्यापासूनच बनत असे. ज्या कापसाने जखम बांधायची, त्याच कापसाने जखम केली जात होती.

८/ हे वाक्य मुंबईकराने जरा थांबून वाचावे. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) याच कापसाने मुंबईला श्रीमंत केले होते. वऱ्हाड-खानदेशातील गासड्या आगगाडीने कल्याणवरूनच बंदराकडे जात. ब्रिटनने ऑगस्ट १९१५ मध्ये कापूस ‘युद्धनिषिद्ध माल’ ठरवला आणि शत्रूकडे निघालेला कापूस समुद्रात अडवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. कापूस आता साधा शेतमाल उरला नव्हता.

९/ नोव्हेंबर १९१४ मध्ये ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्रात एक लेख आला. लेखक दोघे : एडिनबरोचे शल्यचिकित्सक चार्ल्स कॅथकार्ट आणि तेथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख आयझॅक बेली बाल्फोर. स्कॉटलंडच्या दलदलीत फुकट उगवणारे स्फॅग्नम मलमपट्टीसाठी वापरावे, असा त्यांचा आग्रह होता. कोणत्या जाती घ्याव्यात, कोणत्या टाळाव्यात, हेही पुढे ठरवले गेले. स्फॅग्नमच्या जाती अनेक, पण मलमपट्टीच्या योग्यतेच्या मोजक्याच.

१०/ मग गावोगावच्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध कामाला लागले. गुडघाभर पाण्यात उतरून मॉस उपटायचे, पिळायचे, उन्हावाऱ्यात वाळवायचे. त्यातली गवताची काडी न्‌ काडी बोटांनी वेचून काढायची. शेवटी मलमलीच्या छोट्या पिशव्यांत भरून शिवायचे. इंग्लंडमधील डार्टमूर आणि आयर्लंडमधील डब्लिन येथेही अशी केंद्रे उभी राहिली. आपल्याकडे तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे चित्र डोळ्यांपुढे आणा, काम तितकेच निगुतीचे होते.

११/ फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटिश युद्ध खात्याने या मलमपट्टीला अधिकृत मान्यता दिली. १९१८ पर्यंत ब्रिटनमधून महिन्याला सुमारे दहा लाख मलमपट्ट्या बाहेर पडत होत्या. मॉसची पट्टी हलकी व थंड असे. द्रव एका जागी न साचता पट्टीभर पसरे, त्यामुळे ती वारंवार बदलावी लागत नसे. जखमी माणसाच्या लेखी याचा अर्थ एकच : वेदना कमी वेळा.

१२/ इथवरची कथा समाजमाध्यमांवर अनेकदा सांगितली जाते आणि ‘मॉसने युद्ध जिंकले’ अशा टाळीच्या वाक्याने संपते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र पुढचा प्रश्न विचारावा. त्याच १९१६ साली त्याच साम्राज्यासाठी लढणाऱ्या मराठी शिपायाच्या जखमेवर काय होते?

१३/ आता मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. तिथे लढणारी सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आज बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे हे पूर्वज. शिपाई मुख्यतः घाटमाथ्यावरचे आणि कोकणातले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जण त्या महायुद्धात कामी आले. गावात तशी शिळाच आहे.

१४/ नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे लढाई झाली. जखमींची संख्या वैद्यकीय तयारीच्या कितीतरी पुढे गेली. रुग्णवाहिका जवळपास नव्हत्याच. बिनस्प्रिंगच्या मालवाहू गाड्यांत माणसे घालून त्यांना तैग्रिस नदीपर्यंत आणले गेले. तिथून ती बोटींच्या उघड्या डेकवर एकमेकांना खेटून, दिवसेंदिवस पडून राहिली. अनेकांच्या पट्ट्या त्या प्रवासात एकदाही बदलल्या गेल्या नाहीत.

१५/ अशीच ‘मेजिदिये’ नावाची बोट बसऱ्याला लागली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर तिथे हजर होते. बोटीची आणि जखमींची जी अवस्था दिसली, ती त्यांनी नोंदवली आणि वरिष्ठांकडे तक्रार केली. वरिष्ठांनी दटावले ते कार्टर यांनाच. मात्र त्यांची साक्ष पुढे चौकशी आयोगापुढे गेली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येते.

१६/ पूना डिव्हिजन मागे हटून कूत येथे वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढ्याचा काळ. उपासमारीनंतर सुमारे १३ हजार लोक शरण गेले. त्यांतील कित्येक कैदेत मेले. जे जखमी आधीच सुटले होते, ते जहाजांनी मुंबईला येत. आज ज्या संग्रहालयात आपण गांधार शिल्पे पाहायला जातो, ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्या काळी लष्करी रुग्णालय होते. संग्रहालय म्हणून ते १९२२ साली खुले झाले.

१७/ मुंबईहून देवळाली किंवा पुण्याच्या छावणीकडे जाणारी प्रत्येक गाडी ठाणे-कल्याण मार्गानेच जाई. ठाणे आणि दिवा यांच्या मधला पारसिकचा बोगदा १९१६ मध्येच सुरू झाला. शीळफाट्यावरून मुंब्र्याकडे पाहिले की दिसतो, तोच हा डोंगर. मॉसला मान्यता, कूतचा पाडाव आणि पारसिकचा बोगदा : साल एकच. हा योगायोग खरा, पण त्यामुळे दूरचे युद्ध आपल्या लोकलच्या खिडकीपाशी येऊन उभे राहते.

१८/ जून १९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. वैद्यकीय व्यवस्था कोलमडल्याचा ठपका त्याने भारत सरकारवर आणि लष्करी अधिकाऱ्यांवर स्पष्टपणे ठेवला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्या घोषणेमागे कारणे अनेक होती. पण माँटेग्यू त्या खुर्चीत बसले ते बसऱ्याच्या जखमींमुळे, हे विसरता येत नाही.

१९/ म्हणून माझे म्हणणे असे : मॉसची कथा चमत्कारिक औषधाची नाही, व्यवस्थेची आहे. स्कॉटलंडमध्ये दलदल होती, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेचणारे हात, निवडणाऱ्या बायका, पाठवणारी यंत्रणा आणि ‘आपली माणसे’ ही भावना होती. तैग्रिसवर उणीव होती ती बोटींची, डॉक्टरांची आणि या भावनेची. जखम सारखीच असते. तिच्यापर्यंत कोण किती लवकर पोहोचतो, हे सत्ता ठरवते.

२०/ हे वाचल्यावर मीही शीळफाट्याहून एक पाकीट आणले आणि डोंबिवलीच्या गॅलरीत पसरट भांड्यात ते भिजवले. पहिल्या वेळी नळाचे पाणी घातले. नळाच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत, महिनाभरात ते काळे पडले. दुसऱ्या वेळी केवळ पावसाचे पाणी, खत अजिबात नाही, उजेड भरपूर पण ऊन थेट नाही. जुलैत वाळक्या धाग्यांतून बारीक हिरवी टोके वर आली. एप्रिलच्या उकाड्याने तीही गेली.

२१/ अपयशातून कळले ते असे : ही वनस्पती सतत ओलावा आणि गारवा मागते. आपली सह्याद्रीची पठारे चार महिने न्हातात आणि पुढे कोरडी पडतात, म्हणून तिथे तिचे थर साचत नाहीत. दक्षिणेत ती भेटते नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. नीलगिरीतले पीट मुख्यतः गवतांचे, पण अभिलेखागार म्हणून अस्सल. १९९३ साली रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी त्यातून सुमारे वीस हजार वर्षांच्या हवामानाचा इतिहास वाचून काढला.

२२/ पाकिटातले मॉस बहुधा चिली किंवा न्यूझीलंडहून येते. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीटभूमी आहेत, पण जगातल्या सगळ्या जंगलांहून अधिक कार्बन त्यांनी साठवला आहे. चिलीने २०२४ मध्ये त्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. आपल्याकडे तेच काम खाडीचा चिखल आणि कांदळवन करतात. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे. शीळफाट्याजवळच्या देसाई खाडीच्या कडेच्या दलदलीला मात्र आपण अजूनही ‘पडीक जागा’च म्हणतो. १९१४ पूर्वी स्कॉटलंडची दलदलही पडीकच होती.

२३/ शेवटी एक विनंती. आपल्या घरात किंवा गावात कोणी ‘बसऱ्याला गेले होते’ अशी आठवण असेल, एखादे पदक, पेन्शनचा कागद, आजीने सांगितलेली गोष्ट असेल, तर ती आधी लिहून ठेवा आणि मग इथे कळवा. स्कॉटलंडच्या बायकांनी वेचलेल्या मॉसच्या नोंदी छापून आल्या. आपल्या शिपायांच्या जखमांच्या गोष्टी बहुतेक तोंडीच राहिल्या, आणि सांगणारी पिढी आता संपत आली आहे. (समाप्त)