ड्रॉप-अवे रेस्ट : बिघाड व दुरुस्ती

कंपाउंड धनुष्यावर खेच पूर्ण होईपर्यंत बाणाला खालून आधार देणारे आणि बाण सुटताच त्याच्या वाटेतून खाली पडणारे साधन. ते रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या धातूच्या भागाला, स्क्रूने बसवतात. पात्याच्या स्थिर रेस्टवर बाणाची शेपूट आधाराजवळून घासून जाण्याचा धोका असतो. इथे शेपूट पोचेपर्यंत आधारच जागेवर राहत नाही. बांबूच्या धनुष्याने खेळल्या जाणाऱ्या इंडियन राउंडमध्ये बाण मुठीवरूनच सुटतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

इतिहास : होलेस विल्बर ॲलन या अमेरिकी संशोधकाला कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले, पडणारा रेस्ट त्यानंतरचा.

रचना व कार्य : बाण पेलणारा दुबेळका लाँचर, त्याचा आस, स्प्रिंग आणि दोरी एवढेच मुख्य भाग. दोरी कशाला बांधली आहे यावरून दोन प्रकार पडतात. केबलवर चालणाऱ्या रेस्टची दोरी खेचताना खाली सरकणाऱ्या केबलला बांधतात. केबल खाली जाते, दोरी ताणली जाते आणि लाँचर उभा राहतो. बाण सोडला की दोरी सैल पडते आणि स्प्रिंग लाँचरला खाली पाडते. लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेवर, चालणाऱ्या रेस्टमध्ये सगळे उलटे असते. धनुष्य मोकळे असताना दोरी ताठ असते व ती लाँचरला दाबून ठेवते. खेचताना लिंब आत वाकते, दोरी सैल होते आणि स्प्रिंग लाँचरला वर उचलते. बाण सोडल्यावर परत उसळणारे लिंब त्याला ओढून खाली पाडते. काही बनावटींत कळ असते : लाँचर हाताने वर करून अडकवायचा, प्रत्यक्ष बाण सुटला तरच तो पडतो, खेच हळू परत सोडली तर उभाच राहतो.

स्प्रिंग किंवा दोरीच्या ओढीविना हे काम का होत नाही, ते साध्या हिशेबाने कळते. सुटल्यापासून बाण तारेवर साधारण १२ ते १५ मिलिसेकंद असतो. तेवढ्या वेळात नुसत्या वजनाने पडणारी कोणतीही वस्तू जेमतेम १ मिलिमीटर खाली येते. बाणाची प्लास्टिकची पिसे मात्र दांड्यापासून ८ ते १५ मिलिमीटर उंच असतात. स्प्रिंग थकली किंवा आसात घाण साचली की लाँचर ‘पडतो’, पण वेळेवर पडत नाही, आणि डोळ्याला तो फरक दिसत नाही.

बिघाडाची लक्षणे : बाणांचा घोळका वरखाली फाकतो, एखादा बाण कारण नसताना वर किंवा खाली जातो, एकच पीस पुन्हा पुन्हा चुरगळते, कागदातून मारलेल्या बाणाची फाट उभी येते, किंवा बाण सुटताना ‘टक्’ असा धातूचा आवाज येतो. यांतील एकही लक्षण फक्त रेस्टचे नाही. नॉकची, म्हणजे बाण तारेला अडकवायच्या खाचेची, जागा चुकली, बाणाचा ताठपणा धनुष्याला जुळला नाही, धनुष्याच्या टोकांवरची वरखालची चाके, म्हणजे कॅम, एका वेळी फिरली नाहीत, तरी हेच दिसते. रेस्ट बदलून दोष जात नाही अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा तपासणीचा क्रमच उलटा झालेला असतो. बाण बदलून पाहणे, मग नॉक, मग रेस्ट, हा क्रम स्वस्त पडतो.

तपासणी : पहिली कसोटी पावडरची. बाणाच्या पिसांवर व मागच्या दांड्यावर टाल्कम पावडर शिंपडून जवळच्या गवती टार्गेटवर एक बाण मारतात. लाँचरच्या टोकावर पांढरा ओरखडा आणि पिसावर तेवढीच पुसलेली रेघ दिसली तर स्पर्श झाला हे नक्की. लाँचरच्या टोकांना लिपस्टिक लावून पाहिले तर डाग पिसावर उमटतो; पीस कोणत्या बाजूने लागले हेही त्यावरून कळते. ओरखडा लाँचरखालच्या रायझरच्या कठड्यावर असेल तर बहुधा लाँचर निर्दोष असून बाणच खाली बसलेला असतो.

दुसरी कसोटी मोबाइलची. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये दोन चित्रांत सुमारे ४ मिलिसेकंदांचे अंतर पडते, म्हणजे बाणाचा तारेवरचा सगळा प्रवास तीन-चार चित्रांत आटोपतो. स्पर्श नेमका केव्हा झाला हे त्यात सापडत नाही. लाँचर पूर्ण पडला का आणि पडून परत उसळला का, एवढे मात्र स्वच्छ दिसते.

तिसरी कसोटी वेळेची. तिरंदाजाने बाण लावून हळू खेचायचे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून लाँचर पाहायचा. केबलवरचा लाँचर खेचेच्या शेवटच्या २ ते ५ सेंटिमीटरांत पूर्ण उभा राहिला पाहिजे. लिंबवरचा त्याच्या बराच आधी उभा राहतो. नेमका कुठे, हे निर्मात्यागणिक बदलते. बाणाविना खेचून तार सोडून देऊ नये : बाणात जाणारी सगळी ताकद तेव्हा लिंब, कॅम आणि तार यांच्यावर उलटते.

दोरी : बहुतेक बिघाडांचे मूळ इथे असते, म्हणून ती वेगळी पाहावी. केबलवरच्या रेस्टची दोरी जास्त ताठ असेल तर लाँचर लवकर उठतो आणि उशिरा पडतो. शिवाय पूर्ण खेचेच्या वेळी लाँचरला पुढे जायला जागा नसल्याने ताण गाठीवर येतो आणि गाठ सरकते. दोरी सैल असेल तर लाँचर अर्धाच उठतो आणि बाण रायझरकडे कलतो. लिंबवरच्या रेस्टमध्ये परिणाम उलटे : ताठ दोरी लाँचरला पूर्ण उठू देत नाही, सैल दोरी पूर्ण पाडत नाही. दोन प्रकारांतला हा उलटेपणा ध्यानात न घेतल्याने दोरी चुकीच्या दिशेने ओढली जाते आणि दोष वाढतो.

केबलला दोरी बांधण्याची पक्की रीत अशी : धनुष्य प्रेसवर, म्हणजे लिंब दाबून धरणाऱ्या साधनावर, घेऊन केबलचे धागे मधोमध उकलायचे, दोरी त्यांतून आरपार काढायची आणि छिद्राच्या वर व खाली सर्व्हिंगच्या, म्हणजे तारेवर गुंडाळायच्या, दोऱ्याने आवळून वेढे द्यायचे. वरून बसवायची चिमटी सोपी, पण उन्हात केबलचे मेण मऊ झाले की ती सरकते. बांधून झाल्यावर दोरीच्या दोन्ही बाजूंना केबलवर पांढऱ्या शाईचा ठिपका द्यावा. ठिपका आणि दोरी यांत फट दिसली की आणखी काही तपासायची गरज उरत नाही. दोरीचे टोक विस्तवाने वितळवून गोळा करतात. तो गोळा फार लहान राहिला तर ताणाखाली गाठीतून निसटतो.

दोरी जागची न हलताही वेळ बदलू शकते. नवी तार आणि केबल सुरुवातीच्या काही शे बाणांत लांबतात, त्यामुळे कॅमची स्थिती आणि पर्यायाने लाँचरची वेळ सरकते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीत त्याहून जास्त तापलेल्या धनुष्याची तार अशीच ढिली पडते. उन्हाळी शिबिरानंतर दोरी पुन्हा लावणे म्हणूनच शहाणपणाचे.

उसळी : लाँचर वेळेवर पडतो, कठड्यावर आपटतो आणि उसळून पिसांना लागतो. कठड्यावर फेल्टचा तुकडा चिकटवला की बहुधा भागते. स्प्रिंग आणखी आवळल्याने उसळी वाढण्याचीच शक्यता जास्त.

आस व स्क्रू : तेल घालू नये; काळ्या मातीची धूळ त्यात बसून चिकटा होतो. कोरडी ग्राफाइट पूड चालते.

स्थिर पाते की पडणारा रेस्ट : मैदानी टार्गेट स्पर्धांत वरच्या दर्जाचे अनेक तिरंदाज स्थिर पातेच वापरतात, कारण त्यात हलणारा भाग नाही. पडणाऱ्या रेस्टचे समर्थक मोठ्या पिसांची सोय पुढे करतात. जाणकारांत यावर एकमत नाही. या साधनाचा मोठा ग्राहक अमेरिकेतला शिकारी असल्याने माहितीपुस्तिकांतला बराच मजकूर झाडावरच्या मचाणाचा आणि चालताना बाण न पडण्याचा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई असलेल्या भारतात तो भाग निरुपयोगी आहे.

मराठी मुलखात : ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामीने महिलांचे आणि नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे कंपाउंड वैयक्तिक सुवर्ण जिंकले, दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्याला १४९ मिळाले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णे पटकावली, आणि बुलडाण्याचा प्रथमेश जावकर विजयी पुरुष संघात होता. शांघायच्या विश्वचषकात जावकरने डच तिरंदाज माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले होते. पन्नास मीटरवरच्या ८ सेंटिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळात असे गुण घेणाऱ्याला पिसाचा एक स्पर्शही परवडत नाही. २०२३ मध्येच छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याची, म्हणजे पांढुर्णा व सौंसर तालुक्यांची, भाषा व बाजारपेठ शंभर किलोमीटरच्या आतल्या नागपूरची, पण खेळाचे राज्य मध्य प्रदेश. राज्याची तिरंदाजी अकादमी जबलपूरला आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड महिला संघाचे रौप्य जिंकणाऱ्या संघातली मुस्कान किरार जबलपूरचीच.

नियम : जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांनुसार कंपाउंड धनुष्याला जुळवता येणारा रेस्ट चालतो, मात्र आधाराचा बिंदू मुठीच्या खोबणीपासून मागे ६ सेंटिमीटरपेक्षा दूर नसावा. धनुष्याची कमाल ताकद ६० पौंड. बाद फेरीच्या सामन्यात साहित्य बिघडले तर जादा वेळ मिळत नाही. तिरंदाज रेषेवरून बाहेर येऊन दुरुस्ती करू शकतो किंवा दुसरे धनुष्य घेऊ शकतो, पण घड्याळ चालूच राहते. आळीपाळीने मारताना एका बाणाला २० सेकंदच मिळतात. तेवढ्यात गाठ बांधून होत नाही. त्यामुळे दुसऱ्या धनुष्यावर त्याच मापाने लावलेला रेस्ट तयार ठेवतात आणि दोन्हींची वेळ सरावातच ताडून घेतात.