हझ्झानाचा कंठ आणि वाद्यवृंदाची साथ

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि लेवींची वाद्ये मुकी झाली. स्तोत्रसंहितेत ज्या वीणांचा व झांजांचा घोष आपण वाचतो, तो त्या मंदिराबरोबर संपला. त्या शोकापायी यहुदी सभास्थानात वाद्ये वर्ज्य ठरली. शब्बाथच्या दिवशी तर धर्मशास्त्रानेच त्यांना मनाई केली. उरला केवळ मानवी कंठ. प्रार्थना गाणाऱ्या सेवकाला हझ्झान म्हणतात. आपल्या कोकणातील बेने इस्रायली बांधवांनाही हा शब्द परिचित आहे. हझ्झानाचे गायन तालात बांधलेले नसे. आपल्याकडच्या आलापाप्रमाणे ते शब्दांच्या भावाबरोबर चाले.

हेच गायन आज वाद्यवृंदाच्या आणि गायनवृंदाच्या साथीने सभागृहांतून ऐकू येते. या प्रवासाचा एक मोठा टप्पा कॅथलिक व्हिएन्ना शहरात आहे, म्हणून आम्हांस तो विशेष जिव्हाळ्याचा वाटतो.

१८२६ साली तेथे नवे सभास्थान उभे राहिले. कॅथलिकेतरांच्या प्रार्थनागृहाचे दर्शनी तोंड रस्त्यावर असू नये, असा सम्राट दुसरा जोसेफ याच्या काळापासूनचा नियम होता. त्यामुळे ही वास्तू राहत्या घरांच्या आड दडविली गेली. सालोमोन सुल्झर हा बावीस वर्षांचा तरुण तेथे हझ्झान म्हणून आला. त्याने मुलांचा व पुरुषांचा गायनवृंद उभारला आणि जुन्या चालींना युरोपीय स्वरमेळाची शिस्त लावली. १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘शीर झिऑन’ या संग्रहासाठी योझेफ ड्रेक्सलर यानेही रचना दिल्या. हाच ड्रेक्सलर पुढे संत स्तेफनच्या महामंदिराचा संगीतप्रमुख झाला! त्याआधी १८२८ च्या जुलैत, मृत्यूपूर्वी अवघे चार महिने, फ्रान्झ शूबर्टने सुल्झरसाठी शब्बाथचे ९२ वे स्तोत्र मूळ हिब्रूत स्वरबद्ध केले होते. अनेक मिस्सा रचणाऱ्या त्या संगीतकाराने येथे एकही वाद्य योजले नाही. एक गायक आणि गायनवृंद, इतकेच.

या सुधारणेत काही हरवले, हे मान्य करावयास हवे. चौकटीत बसविलेल्या आलापाचा मोकळेपणा जातोच. पूर्व युरोपातील हसिदी पंथीयांनी मात्र वेगळी वाट धरली होती. त्यांच्या ‘निगुन’ या गीतप्रकाराला पुष्कळदा शब्दच नसतात. मेंढपाळाची चाल असो वा सैनिकांचे कूचगीत, तिच्यात ईश्वरभक्ती ओतता येते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांना ना नोटेशन लागे, ना संचालक.

पवित्र गायन रंगमंचावर यावे काय, हा प्रश्न पुढे अमेरिकेत धगधगला. योसेले रोझेनब्लाट या विख्यात हझ्झानाने १९१८ मध्ये शिकागोच्या ऑपेराचे भरघोस मानधन नाकारले. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ या चित्रपटात तो गायला, पण प्रार्थनागीत नव्हे. अशी चिंता आपल्याही घरची आहे; चर्चमधील संगीताला नाटकी वळण लागू नये म्हणून पोप दहावे पायस यांनी १९०३ साली आज्ञापत्र काढले होते.

नंतर १९३८ चा नोव्हेंबर आला. व्हिएन्नातील सभास्थाने नाझींनी जाळली. सुल्झरचे सभास्थान तेवढे उभे राहिले, कारण त्याला आग लावली असती तर खेटून असलेली घरेही पेटली असती. ज्या नियमाने त्याला लपावयास लावले, त्यानेच त्याला वाचविले. माणसे मात्र वाचली नाहीत. ऑस्ट्रियाच्या सुमारे पासष्ट हजार यहुद्यांची हत्या झाली आणि पोलंडमधील हसिदींच्या वस्त्याच्या वस्त्या नामशेष झाल्या. ज्यांच्या कंठांत ते निगुन होते, त्यांतील थोडेच उरले.

म्हणून आज मोठ्या वाद्यवृंदासह हे गायन होते, तेव्हा त्याला केवळ प्रदर्शन म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. पोरक्या झालेल्या चालींना ते एक छप्परच मिळाले आहे. मर्यादाही पाळली जाते. असे कार्यक्रम शब्बाथ सोडून होतात, आणि गीतात परमेश्वराचे नाव आले की अनेक गायक ते उच्चारीत नाहीत. त्या जागी ते ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाम’, एवढेच गातात. कारण ही मैफल आहे, प्रार्थना नव्हे.